ड्रायरची मोटर घूं घूं करते, पण टब फिरत नाही

ओलेकपडे:
सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. धुण्याची बाजू ठणठणीत. ड्रायरचा टायमर फिरवला की मोटर घूं घूं करते, पण टब जागचा हलत नाही. रिकामा असला तर कधीमधी रडतखडत सुटतो, वेग धरत नाही आणि पाच-सात मिनिटांत गप्प होतो. तासाभराने पुन्हा तेच. घूं घूं चालू असताना मोटरच्या वायरींवर 226 व्होल्ट मिळतात. मागचं कव्हर उघडलेलं आहे, मीटरला कपॅसिटन्सची रेंज आहे. नवी मोटरच घ्यायची, की आधी काही तपासण्यासारखं आहे?

पाना_पकड:
मोटरचं नाव शेवटी घ्या. लोडवर 226 व्होल्ट पोचतायत म्हणजे टायमर आणि झाकणाचा स्विच दोन्ही संशयातून सुटले. व्होल्टेजही बरं आहे. (180 वर आलं असतं तर सुरुवातीचा जोर जवळजवळ 40 टक्क्यांनी पडला असता, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.)

आता प्लग काढा. स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. ड्रायरचं झाकण लावा आणि मागून मोटर व टब जोडणारं कपलिंग हाताने फिरवा. एका बोटाने फिरलं पाहिजे. घट्ट लागलं तर पहिला संशय ब्रेकवर. झाकण लावलं की ब्रेक वायर ताणली जाते आणि लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) ब्रेक ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की वायर ढिली पडते आणि स्प्रिंग लायनर दाबून धरते. वायर लांबली किंवा हुकातून निसटली तर झाकण बंद असूनही ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, आणि मोटर त्याच्याशी झगडून तापते. लायनर आणि ड्रममध्ये सगळ्या बाजूंनी कागद सहज सरकला पाहिजे. बऱ्याच मशीनमध्ये वायरच्या टोकाच्या पट्टीला दोन-तीन भोकं असतात, एक भोक पुढे घेतलं की ताण येतो. लायनरवर तेल मात्र चुकूनही नको.

ब्रेक मोकळा असूनही एकाच जागी अडत असेल तर टॉर्च घेऊन आतल्या टबच्या खाली बघा. मोजे, रुमाल तिथे जाऊन शाफ्टला गुंडाळले जातात.

आणि झाकण उघडं असतानाही मशीन चालावं म्हणून झाकणाचा स्विच थेट जोडून ठेवून, चालू मशीनमध्ये टबला हाताने धक्का देऊन बघणं, हा प्रकार अजिबात नको. ही मोटर मिनिटाला 1300 च्या वर फेरे घेते. हात अडकला तर सुटत नाही.

तारजोड:
वरचं सगळं बरोबर, पण रिकामा टब कधीमधी सुटतो आणि वेग धरत नाही, हे वर्णन कमकुवत कपॅसिटरचं (मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या डबीचं) जास्त वाटतं. तो मेला की स्टार्टिंग वाइंडिंगला (मोटर सुरू करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) पुरेसा करंट मिळत नाही, मोटर नुसती हम मारते.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट शिल्लक असू शकतात. 10 किलोओहमचा 5 वॉटचा रेझिस्टर टोकांना दोन सेकंद लावून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मग निदान एक वायर काढून मोजा, जोडलेल्या अवस्थेतलं रीडिंग फसवतं. पुष्कळ मशीनमध्ये धुण्याचा आणि ड्रायरचा कपॅसिटर एकाच डबीत असतो, तीन वायरींपैकी एक कॉमन. ड्रायरचा आकडा लहान असतो. छापलेल्या आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला.

नंतर मोटरच्या तीन वायरी सुट्या करून दोन-दोनच्या जोड्यांत ओहम घ्या. सगळ्यात मोठं रीडिंग म्हणजे दोन्ही वाइंडिंग ओळीने, त्या वेळी बाहेर राहिलेली वायर कॉमन. कॉमनपासूनची दोन लहान रीडिंग मिळवली की मोठं यायला हवं. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंगमध्ये गडबड आहे. धुण्याच्या मोटरचे दोन्ही भाग सारखे असतात, कारण ती दोन्हीकडे फिरते. ड्रायरच्या मोटरचे बहुधा नसतात, आणि कमी ओहमची ती रनिंग, म्हणजे मुख्य वाइंडिंग. या दोन उलट जोडल्या तर टब उलटा फिरतो आणि मोटर तापते, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

तासाभराने पुन्हा चालते याचा अर्थ आतला थर्मल प्रोटेक्टर (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) थंड झाल्यावर आपोआप जुळणारा आहे. एकदाच उडणारा फ्यूज असता तर कॉमनपासून काहीच मिळालं नसतं.

ओलेकपडे:
मोजलं. कपॅसिटरवर 5 मायक्रोफॅरड छापलंय, भरतो 2.8. वाइंडिंग 58, 84 आणि 142. वाइंडिंग आणि मोटरची बॉडी यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही. ब्रेक मोकळा आहे, कपलिंग फिरतं, पण किंचित खरखर लागते. मोटरच्या डोक्यावर साबणाचे पांढरे ओघळ आणि शाफ्टपाशी गंज. धुण्याच्या बाजूचा 10 चा कपॅसिटर तात्पुरता लावून बघू का?

तारजोड:
नको. दुप्पट कपॅसिटरने टब झोकात सुटेल, पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून वाढलेला करंट सतत वाहील आणि तुमची चांगली मोटर जळेल. 58 आणि 84 मिळून 142, वाइंडिंग शाबूत आहे. 5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट एसी किंवा त्याहून वरचा, रनिंगचाच कपॅसिटर आणा. बॉडीचं माप मात्र साध्या मीटरने खात्रीचं नाही, तो जेमतेम काही व्होल्ट लावतो. पाणी गेलेल्या मोटरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली आली तर पूर्ण वाळवून पुन्हा मोजल्याशिवाय वीज देऊ नका. अर्थिंगही तपासा.

पाना_पकड:
ओघळ म्हणजे शाफ्टचं रबरी सील गळतंय. नुसता कपॅसिटर बदलून मोकळे झालात तर खालचं बेअरिंग जाणार. कपलिंगचा टबकडचा बोल्ट ढिला करून टब वर उचला, सील आणि त्यातला बुश एकत्रच बदला. शाफ्टवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर तो नव्या सीलची कडा आठवड्याभरात खाईल. सीलला सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस रबर फुगवतं. बोल्ट शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा आणि चेकनट आवळा, तिरका बसला तर टब थडथडतो. खरखर मोटर सुटी करूनही राहिली तर बेअरिंग तेव्हाच बदलून घ्या.

जोडल्यावर रिकामा टब पाच मिनिटं चालवा, मग झाकण उघडा. 15 सेकंदांच्या आत थांबला नाही तर ब्रेक वायर जास्त ताणली गेलीय, थोडी सोडा.