मदत हवी आहे: माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारली, माझा अर्ज मात्र गावच्या ग्रुपवर

राम राम मंडळी. सांगली जिल्ह्यातलं, द्राक्षपट्ट्यातलं गाव. नाव मुद्दाम देत नाही.

आमच्या आळीत 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून काँक्रीटचा रस्ता झाला. एका पावसाळ्यात खडी वर आली. म्हणून ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढंच मागितलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून हातोहात दिला, पोच घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेदाणा शेडवर होतो, तर ठेकेदाराचा फोन. "काय रं, लई शाना झालास काय?" तासाभरात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या अर्जाचा फोटो! नाव, पत्ता, मोबाईल, सही, सगळं. खाली एकानं लिहिलं, 'याला पैसे पाहिजेत'.

29व्या दिवशी उत्तर आलं. माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक असल्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) खाली देता येत नाही. दोन ओळी, सही, शिक्का. म्हणजे सरकारी पैशातला रस्ता ठेकेदाराचा खाजगी, आणि माझा मोबाईल नंबर गावाचा.

एक गोष्ट लक्षात आली. माझ्या पोचेवर नुसता गोल शिक्का आहे. फोटोतल्या अर्जावर मात्र हिरव्या शाईत आवक क्रमांक लिहिलाय. म्हणजे फोटो मूळ कागदाचा, दप्तरात नोंद झाल्यावर काढलेला. माझ्याकडून फुटला म्हणायची सोय नाही.

आता अपील करू की थेट माहिती आयोगाकडे तक्रार? आणि फोटोचं काय? वडील म्हणतात, "सोड की. उद्या घराच्या उताऱ्याला त्यांच्याच दारात जायचंय." त्यांचंही चूक नाही. उत्तर मिळून आज 19 दिवस झालेत.

निवृत्त कारकून:
आधी अपील. कलम 19(1) ची मुदत उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस, तुमच्या हातात 11 उरलेत. कलम 18 च्या तक्रारीनं आयोग दंड लावू शकतो, पण कागद हवे असतील तर वाट कलम 19 चीच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलंय. आमच्याकडे लोक रागात थेट आयोगाला लिहायचे आणि वर्ष घालवून रिकाम्या हातानं परत यायचे.

नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे कळवावं लागतं, कलम 7(8). तुमच्या दोन ओळींत ते नसेल तर अपिलात पहिला मुद्दा हाच घ्या.

8(1)(ञ) बद्दल मात्र गाफील राहू नका. नोव्हेंबर 2025 पासून ते कलम आखूड झालंय. पूर्वी त्यातच सार्वजनिक हिताचा अपवाद होता, विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही असंही वाक्य होतं. डेटा संरक्षण कायद्यानं दोन्ही गेलं. आता 'वैयक्तिक' म्हटलं की काम झालं असं बऱ्याच टेबलांवर वाटतं. पण कलम 8(2) जागेवर आहे. सार्वजनिक हित जड असेल तर माहिती देता येते. शिवाय मोजमाप पुस्तिका म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. त्यात कुणाचं खाजगी आयुष्य आलं? बिलावर ठेकेदाराचा खाते क्रमांक असेल तर तेवढा झाकून बाकी द्या, कलम 10. हे शब्दशः लिहा.

मिरजेची ताई:
दादा, ग्रुपमधून बाहेर पडू नका, रागाच्या भरात काही डिलीटही करू नका. कुणी टाकला, किती वाजता, हे दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन परत आला आणि धमकी दिली तर पोलीस ठाण्यात किमान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घ्या. माझ्या भावानं "जाऊ दे" म्हणून सोडलं, नंतर सांगायला कागदच नव्हता.

धागाकर्ता:
ग्रुपमध्ये आहे अजून. फोटोची तक्रार डेटा संरक्षण कायद्याखाली होते का?

निवृत्त कारकून:
आज नाही. त्यातली नागरिकांच्या हक्कांची कलमं नोव्हेंबर 2025 पासून 18 महिन्यांनी लागू होणार. माहिती नाकारायचं कलम तेवढं आधी आलं, हा आपला योग! सध्या गटविकास अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र लेखी तक्रार द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. अपिलात मिसळू नका, दोन्ही लोंबकळतील. हिरव्या शाईचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या. पुढं दुसरं अपील माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे गेलंच, तर झालेल्या त्रासाची भरपाई मागा, कलम 19(8)(ख). मिळते क्वचित, पण मागितल्याशिवाय तर नाहीच.

आणि पुढच्या अर्जात मोबाईल नंबर लिहू नका. संपर्कापुरतं सोडून वैयक्तिक काही द्यावं लागत नाही, कलम 6(2).

धागाकर्ता:
आभारी आहे काका. सोमवारी पंचायत समितीत जातो. अपिलाला तिकीट वीसचंच ना?

निवृत्त कारकून:
वीसचं. अपिलाचा नमुना जोडपत्र ब. आणि या वेळी पोचेवर आवक क्रमांक समोर उभं राहून लिहून घ्या.