अटॅकनंतर बाबांना एआयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले की आतूनच शॉक देणारं, छातीत बसवायचं यंत्र) बसवायला सांगितलंय, अनुभव हवेत

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८, शुगर आहे) दिवाळीच्या आधी मोठा अटॅक आला. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी नस) पूर्ण बंद होती, स्टेंट टाकला. आता छातीत दुखत नाही, पण जिना चढताना मधेच धडधड सुटते, डोळ्यांपुढे अंधारी येते. होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) लावलं तर व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटणारे धोकादायक जलद ठोके) निघाली. तीन महिने गोळ्या नीट घेऊनही ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्क्यांवरच आहे.

नस उघडली तर ठोके का बिघडावेत, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी वण राहतो आणि हृदयातली वीज त्याला वळसा घालून गोल फिरत राहते. स्टेंटने रक्त सुरू होतं, वण जात नाही. ईएफ ३५ किंवा त्याखाली, म्हणून एआयसीडी. हे पटलं.

घोडं अडलंय गिरणीवर. बाबांची पिठाची गिरणी आहे, थ्री फेज मोटर, आणि मोटरच्या चुंबकीय क्षेत्राने एआयसीडीच्या कामात अडथळा येऊ शकतो. पट्टा सुटला की स्वतःच मोटरवर वाकून चढवतात. एआयसीडी असूनही मोटरजवळ काम करणारं कोणी आहे का? किती अंतर ठेवायला सांगितलंय? शॉक बसतो तेव्हा नेमकं काय होतं, तेही खरंखरं सांगा, यूट्यूबवर नुसतीच भीती. महात्मा फुले योजनेतून कोणाचं झालंय का, कागद कोणते लागले?

अमिओडॅरोन (ठोके ताब्यात ठेवायचं औषध) चालू आहे, थायरॉईड-लिव्हर तपासून झालंय. लसणाचे काढे कृपया सुचवू नका, काकांनी भरपूर पाठवलेत.