गॅमाचं जीन शाबूत आहे, मग त्याला गप्प कोण बसवतं? (बारावीतल्या मुलीचा प्रश्न)

बायोलॉजीवाली मॅडम

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. मागच्या आठवड्यात लॅक ऑपेरॉन घेतलं, म्हणजे जीवाणूतला लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणाऱ्या जीन्सचा गट. फळ्यावर नेहमीचीच रांग: आय जीन, प्रमोटर, ऑपरेटर, मग झेड, वाय, ए. लॅक्टोज नसलं की रिप्रेसर, म्हणजे जीनला रोखणारं प्रथिन, ऑपरेटरवर ठाण मांडून बसतो आणि पुढचं वाचन बंद. लॅक्टोज आलं की तो उठतो. जेकब आणि मोनो, १९६१. आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. ती सिकलसेलची एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जीन आलेली, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, लपवत नाही. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे. वहीच्या कव्हरात घडी घालून ठेवलेला एचपीएलसीचा (रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते सांगणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट तिने काढला. एफ २१.६, एस (सिकलचं हिमोग्लोबिन) ७३.८, ए-टू २.३. म्हणाली, "मॅडम, डॉक्टर म्हणतात एफ जास्त असलं की त्रास कमी. एफ म्हणजे पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन. म्हणजे ते जीन माझ्याकडे आहे आणि बिघडलेलंही नाही. मग माझ्या एफचा रिप्रेसर कोण? आणि माझं लॅक्टोज कोणतं, ही गोळी का?"

मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या अजून उजाडायचा आहे. तिच्या मामेभावाचं एफ नऊच्या आसपास आहे, तोही एसएस, आणि तो दर पावसाळ्यात ॲडमिट असतो. तिला हेही विचारायचंय की दोघांत एवढा फरक का. फळ्यावर मांडता येईल असं कोणी सांगेल का? पुस्तकाच्या बाहेर गेलं तरी चालेल.

गुणसूत्र सोळा

सोपं आहे मॅडम. हायड्रॉक्सीयुरिया म्हणजे इंड्यूसर. रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसर सुटतो, एफ बनवणारं गॅमा जीन चालू. लॅक ऑपेरॉनसारखंच.

अस्थिमज्जा

वरचं उत्तर फळ्यावर लिहू नका, पोरगी हुशार आहे, पकडेल. हायड्रॉक्सीयुरिया कुठल्याही रिप्रेसरला जाऊन चिकटत नाही. त्याकडे नंतर येतो.

मी ब्रह्मपुरीचा, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये लाल पेशींच्या पूर्वज पेशी वाढवतो. एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं हार्मोन) घातलेल्या माध्यमात त्या ठेवल्या की दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सेंट्रिफ्यूज केल्यावर ट्यूबच्या तळाशी बसणारा पांढुरका ठिपका गुलाबी आणि मग लाल दिसायला लागतो. ग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनांची, जीन्स जोरात वाचली जाताहेत, हे तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तीच जीन्स माझ्या गालाच्या पेशीतही आहेत, आणि तिथे ती आयुष्यभर मुकी राहतात, कारण गाटा-वन, केएलएफ-वन ही जीन्स चालू करणारी, लाल पेशींच्या घराण्यातली प्रथिनंच तिथे नाहीत.

आता पोरीचा प्रश्न. बीटा ग्लोबिनचं कुटुंब ११ व्या गुणसूत्रावर ओळीने बसलंय: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. गंमत म्हणजे आयुष्यात ती साधारण याच क्रमाने वापरली जातात. एप्सिलॉन गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत, गॅमा उरलेल्या गर्भारपणात, बीटा जन्माच्या आगेमागे आणि मग कायमची. सिकलचा बदल फक्त बीटात आहे, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. गॅमा शेजारी धडधाकट बसलेलं असतं.

लॅक ऑपेरॉनशी पहिला फरक इथेच. तिथे एका प्रमोटरवर तीन जीन्स. इथे प्रत्येक जीनला स्वतःचा प्रमोटर, पण सगळ्यांना मिळून जोर देणारा भाग एकच, आणि तो डीएनएची हजारो अक्षरं दूर, एप्सिलॉनच्याही अलीकडे. त्याला एलसीआर म्हणतात, लोकस कंट्रोल रीजन. डीएनए वळून त्याचा फास तयार होतो आणि एलसीआर एखाद्या प्रमोटरला प्रत्यक्ष जाऊन भिडतो. मोटार एकच आणि वावरं दोन, अशी गत आहे: पाणी गॅमाकडे वळलं की बीटाचं कमी होतं, बीटाकडे वळलं की गॅमाचं. म्हणून गॅमाला रोखणारा हटवला, तर एफ वाढतं आणि सोबत एस उतरतं. रुग्णाला दुहेरी फायदा.

रोखणारा कोण? मुख्य नाव बीसीएल-इलेव्हन-ए. याचं जीन दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे पहारेकरी एका गावचा, पहाऱ्याची जागा दुसऱ्या गावात. २००७-०८ मध्ये ज्यांच्यात मोठेपणीही एफ जास्त राहतं अशा लोकांचे जीनोम तपासताना बोट या जीनवर गेलं. त्या अभ्यासांत इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लोकही होते. २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं की मोठ्या माणसाच्या लाल पूर्वज पेशींत बीसीएल-इलेव्हन-ए कमी केलं की गॅमा परत वर येतं. पुढे २०१८ मध्ये नेमकी जागा सापडली: गॅमाचं वाचन जिथून सुरू होतं त्याच्या ११५ अक्षरं आधी टी-जी-ए-सी-सी-ए ही सहा अक्षरं. तिथे तो बसतो. काही कुटुंबांत याच अक्षरांत जन्मतः बदल असतो, पहारेकऱ्याला बसायला जागा मिळत नाही आणि त्या माणसांचं एफ आयुष्यभर वर राहतं. तब्येत ठणठणीत. सुमारे २०० अक्षरं आधी दुसऱ्या एका रिप्रेसरची जागा आहे, झेडबीटीबी-सेव्हन-ए, तो वेगळा गडी.

मॅडम, आता फळ्यावर हे जरूर लिहा की इथे लॅक्टोज नाही. बाहेरचं काही आलं म्हणून बीसीएल-इलेव्हन-ए गॅमावरून उठत नाही. गर्भाच्या यकृतात ज्या लाल पेशी बनतात त्यांत त्याचं प्रमाण कमी असतं, मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत जास्त. वाढीच्या वेळापत्रकाने ठरलेली गोष्ट आहे ही, खाण्यापिण्याने ठरलेली नाही.

लॅबवाला चंद्रपूर

मी एचपीएलसी चालवतो, तर माझ्याकडून दोन गोष्टी. आमच्या मशीनच्या आलेखात एफचं शिखर मिनिटभरात येऊन जातं, एस साडेचार मिनिटांच्या आसपास. पोरीच्या रिपोर्टमध्ये २१.६ आहे म्हणजे तिच्या प्रत्येक पेशीत २१.६ टक्के एफ आहे असं समजू नका. सॅम्पलमधल्या सगळ्या पेशी फोडून, एकत्र करून काढलेला तो आकडा आहे. प्रत्यक्षात काही पेशींत एफ भरपूर, काहींत जवळपास नाहीच. ज्यांत भरपूर असतं त्यांना एफ-सेल म्हणतात. एसचे दोरखंड बनायला लागले की एफचे रेणू त्यांत नीट बसत नाहीत, म्हणून एफवाली पेशी वाकडी व्हायला वेळ लागतो. ज्या पेशीत एफ नाही तिला शेजारणीच्या एफचा उपयोग शून्य. म्हणून सारखाच आकडा असलेल्या दोघांची तब्येत सारखी असेलच असं नाही.

दुसरं, आपल्याकडच्या एसएस पेशंटचं एफ बरेचदा गोळी सुरू व्हायच्या आधीच चांगलं असतं. सिकलचं जीन आपल्या भागात ज्या शेजारपाजारासकट पिढ्यान्‌पिढ्या आलंय त्याला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात एका गॅमा जीनच्या १५८ अक्षरं आधी सीच्या जागी टी असतो. हा बदल एफ वर ठेवणाऱ्या हॅप्लोटाइपची खूण आहे. आफ्रिकेतल्या बेनिन, बांटू प्रकारांत तो नसतो. पण त्यावरून "आपल्याकडचा सिकल सौम्य" असं जे सरसकट बोललं जातं ना, ते वॉर्डात एक चक्कर मारली की खोटं ठरतं.

आर्वीचा बाप

मॅडम, माफ करा, मधेच घुसतो. माझी धाकटी चार महिन्यांची आहे. एसएस निघाली. पण पोरगी एकदम टकाटक हाय, सूज नाही, रडणं नाही. घरचे म्हणतात रिपोर्टच चुकला असंल, काहून परत परत सुई टोचता लेकराला. हे एफमुळंच हाय का?

अस्थिमज्जा

हो भाऊ, एफमुळेच. जन्मताना बाळाच्या रक्तात निम्म्याहून बरंच जास्त हिमोग्लोबिन एफ असतं, मग महिन्यागणिक उतरतं. पहिले काही महिने ते बाळाला सांभाळून घेतं. जेनेट वॉटसन नावाच्या ब्रुकलिनच्या डॉक्टरीणबाईंनी १९४८ मध्ये, एफ-एसचा हिशोब कोणी मांडायच्या आधीच, नवजात बाळांच्या पेशी कमी वाकतात हे पाहून अंदाज बांधला होता की गर्भाचं हिमोग्लोबिन वाचवत असणार. रिपोर्टबद्दल मनात शंका असेल तर डॉक्टरांना सांगून पुन्हा तपासून घ्या, पण ती टकाटक आहे म्हणून रिपोर्ट खोटा असं धरू नका. लसी आणि डॉक्टर देतील ती पेनिसिलिन चुकवू नका. या वयात जंतुसंसर्गाचा धोका मोठा. ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखान्यात.

आता हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध डीएनएचा कच्चा माल बनवणाऱ्या एन्झाइमवर बसतं, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजवर. अस्थिमज्जेत झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना त्याने खीळ बसते. मग मज्जा घाईने भरपाई करते, आणि त्या घाईत अशा पूर्वज पेशी पुढे येतात ज्यांत गॅमा अजून बऱ्यापैकी वाचलं जातंय. ही एक बाजू. नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेनेही गॅमाला चालना मिळते असं दिसतं. सगळा उलगडा झालेला नाही, पण परिणाम पक्का आहे. १९९५ ची अमेरिकेतली चाचणी, २९९ प्रौढ रुग्ण, वेदनेचे झटके साधारण ४४ टक्क्यांनी कमी. थोडक्यात, पहारेकऱ्याला हात न लावता हे औषध वेगळ्या पेशींना पुढे आणतं. "इंड्यूसर" म्हणायचं तर म्हणा, लॅकचा इंड्यूसर मात्र नाही.

पोरीला हेही सांगा: रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीत केंद्रक नसतं. कुठलं ग्लोबिन किती बनवायचं, हा निर्णय मज्जेत होऊन गेलेला असतो. आजची गोळी कालच्या पेशींना सुधारू शकत नाही. नव्या पेशी येऊन जुन्यांची जागा घेतात तेव्हा आकडा हलतो, त्याला महिने लागतात. दोन आठवडे घेऊन "फरक नाही" म्हणून सोडणारे मी खूप पाहिलेत. आणि मधून मधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं ते याचसाठी, की तीच खीळ पांढऱ्या पेशींनाही बसते.

बायोलॉजीवाली मॅडम

मनापासून आभार. मामेभावाचा मुद्दा राहिला. आणि एक शंका, जी ती विचारणारच: पहारेकरी ठाऊक आहे, तर त्याचं जीन सरळ तोडून का टाकत नाहीत?

अस्थिमज्जा

मामेभाऊ आधी. एफ किती राहणार यावर तीन जागांचं वजन जास्त: चंद्रपूरकरांनी सांगितलेला १५८ चा बदल, बीसीएल-इलेव्हन-ए च्या आतले फरक, आणि सहाव्या गुणसूत्रावर एमवायबी नावाच्या जीनच्या शेजारचा भाग. सिकलचा तुकडा दोघांना सारखा आला तरी बाकीच्या दोन जागा वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, त्यांची वाटणी स्वतंत्र होते. शिवाय कोण गोळी घेतं आणि कोण नाही, हेही बघा. पुष्कळदा कोडं तिथेच सुटतं.

तोडण्याचं म्हणाल तर जीन संपूर्ण तोडता येत नाही. बी लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बनायला ते लागतं, मेंदूच्या वाढीला लागतं. ज्या मुलांत जन्मतः त्याची एकच प्रत चालते त्यांचं एफ खरोखरच जास्त राहतं, पण बोलणं आणि बौद्धिक वाढ मागे पडते. मग तोडायचं काय? २०१३ मध्ये ऑर्किन यांच्याच गटाला, डॅनियल बाउअर पुढे होते, या जीनच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये (जीनमधला, प्रथिनात न उतरणारा तुकडा) एक एन्हान्सर, म्हणजे वाचन वाढवणारा डीएनएचा भाग, सापडला. तो फक्त लाल पेशींच्या घराण्यात काम करतो. गाटा-वन तिथे येऊन बसतं आणि बीसीएल-इलेव्हन-ए चं वाचन वाढवतं. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत आवडतो. गाटा-वनची ती बसायची जागा क्रिस्परच्या (डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या) कात्रीने बिघडवली की बीसीएल-इलेव्हन-ए लाल पेशींपुरतं पडतं, मेंदूत आणि बी पेशींत जसंच्या तसं. पहारेकऱ्याला न मारता त्याची एका ठिकाणची ड्यूटी तेवढी रद्द. आणि यात सिकलचं अक्षर कोणी दुरुस्त केलेलंच नाही. ते बीटात तसंच राहतं.

कॅसजेव्ही ही क्रिस्पर उपचारपद्धत हेच करते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला मंजूर झाली. रुग्णाच्या मूळ पेशी काढायच्या, बाहेर कात्री चालवायची, जोरदार केमोने जुनी मज्जा रिकामी करायची आणि पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आकडा रुपयांत काढून पोरीला सांगायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोम संशोधन संस्थेत देशी क्रिस्परवर काम चालू आहे, ते मात्र नक्की सांगा. बारावीनंतर कुठे जायचं असं ती विचारेलच.

लॅबवाला चंद्रपूर

फळ्यासाठी: डावीकडे लॅक, उजवीकडे ११ वं गुणसूत्र, एलसीआरपासून गॅमा आणि बीटाकडे दोन बाण. बीसीएल-इलेव्हन-ए गॅमाच्या बाणावर आडवं. वरच्या कोपऱ्यात दुसरं गुणसूत्र, त्यात एन्हान्सरवर फुली. वेगळे खडू घ्या, नाहीतर पोरं बाणांतच अडकतात. आणि मामेभावाचा जुना रिपोर्ट मिळाला तर गोळी सुरू व्हायच्या आधीचा आहे की नंतरचा ते बघा. दोघांची तुलना त्याशिवाय करू नका.