आयसो (पास न देता एकट्यानेच खेळणं) खेळणारा गार्ड आणि बाकी चौघं पुतळे, काय करायचं?

माटुंगा_लेफ्टी
लोकहो एक भांडण मिटवा. आमची रविवारची बास्केटबॉल टीम आहे, सगळे नोकरीवाले. मेन गार्डचा (बॉल पुढे आणणारा) हँडल, म्हणजे ड्रिबलिंग, खरंच भारी आहे पण बॉल हातात आला की आम्हाला हातानेच बाजूला व्हायला सांगतो आणि मग ठप ठप ठप दहा-बारा सेकंद, शेवटी एकतर स्टेप-बॅक (मागे सरकून शॉट) नाहीतर दोघांच्या मधे घुसून बॉल घालवणार. बोललं की म्हणतो एनबीएचा (अमेरिकेची लीग) जेम्स हार्डन बघ! 2018-19 ला त्याने 36 च्या वर ॲव्हरेज काढलं, सलग 32 मॅच 30 प्लस, मग मी का पास करू. मी म्हणतो 2014 ची स्पर्स टीम बघ, बॉल कुणाच्या हातात टिकत नव्हता, मायामीला फायनलमधे 4-1 ने धुतलं आणि जिंकलेल्या चारही मॅच 15 किंवा जास्त पॉइंटनी. तो म्हणतो ते जुनं झालं. खरंच झालं का?

गल्लीतला_अंपायर
बॅट ज्याची बॅटिंग त्याची. बॉल कोण आणतं ते आधी सांग 😂

सहाचा_गजर
जुनं बिनं काही नाही, 2023 ला डेन्व्हर कशावर जिंकली? त्यांचा योकिच टॉपला (बास्केटसमोर लांब) बॉल घेऊन उभा आणि बाकीचे कट मारतायत (बास्केटकडे पळतायत), सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) असून पास तोच देतो. पण तुझ्या मित्राची बाजू पण थोडी घेतो हां. 2016 च्या फायनलची सातवी मॅच आठव, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट, आपल्याकडे सोमवारची सकाळ, मी ऑफिसला लेट. 89-89, शेवटचं एक मिनिट पण उरलं नव्हतं. क्लीव्हलँडने स्क्रीन लावून (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहून) गोल्डन स्टेटच्या करीला आपल्या कायरीवर स्विच (माणूस बदलून गार्ड) करायला लावलं आणि मग कायरी एकटा, समोर करी, थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) आत. शुद्ध आयसो. प्लेऑफमधे सगळेच स्विच करतात, पासिंगचे ठरलेले प्ले तिथे अडकतात आणि शेवटी कुणीतरी एकट्याने आपला माणूस मारावाच लागतो. पण तिथे सुद्धा आधी स्क्रीन लावून कमजोर डिफेंडर शोधला होता ना, कुणीही समोर आला की सुरू असं नव्हतं.

नागपाडा_जुना
सगळे एनबीए बोलतायत पण तुम्ही खेळता कुठल्या नियमाने ते बघा की राव. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय संघटना) नियम. एनबीएमधे 2001 पर्यंत झोनच (माणसाऐवजी जागा राखायचा डिफेन्स) चालत नव्हता, तेव्हा चौघांना एका बाजूला पाठवायचं आणि दुसरी बाजू स्टारला मोकळी द्यायची हा धंदाच होता. 2001 ला झोन आला पण सोबत डिफेन्सचे तीन सेकंद पण आले, म्हणजे कुणाला प्रत्यक्ष गार्ड करत नसशील तर पेंटमधे (बास्केटजवळचा चौकोन) तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. हार्डनला आत जागा मिळते ती अशी. फिबात हा नियमच नाही! समोरचा सहा फुटी दादा बास्केटखाली आरामात तंबू ठोकून बसतो. त्यात आपली थ्रीची लाइन टॉपला 6.75 मीटर, त्यांची 7.24, म्हणजे मुळात जागाच कमी. तुमचा गार्ड घुसतो तेव्हा समोर कबड्डीची साखळी उभी असते, हँडल कितीही भारी असू दे, साखळीत गेला की संपला. झोनला हलवायचं असेल तर बॉल इकडून तिकडे पटापट फिरवायचा कारण बॉल माणसापेक्षा फास्ट जातो, हे आमचे कोच घसा फोडून सांगायचे आणि आम्ही ऐकायचो नाही ती गोष्ट वेगळी.

थ्री_पॉइंट_परेल
वरच्याला +1. आणि हार्डनच्या ह्यूस्टनचं पूर्ण सांगायचं तर 2018 ला 65 मॅच जिंकून लीगमधे टॉपला, गोल्डन स्टेटवर 3-2 लीड, आणि सातव्या मॅचला सलग 27 थ्री मिस. लोक म्हणतात चौघं उभे राहून थंड पडले.

सहाचा_गजर
ह्यावर वाद घालणार मी. त्यातले कित्येक शॉट चांगले मोकळे होते, आणि ते मोकळे झालेच कशामुळे? हार्डनवर हेल्प (दुसरा डिफेंडर मदतीला) येत होती म्हणून. शिवाय त्यांचा दुसरा गार्ड ख्रिस पॉल पायामुळे बाहेर, मग एकाच माणसाने किती ओढायचं. आयसोला शिव्या देण्याआधी दुसरा गार्ड नव्हता हे पण बोला.

नागपाडा_जुना
म्हणजे आयसोला पण चार शूटर लागतात, हेच ना? @माटुंगा_लेफ्टी तुमच्याकडे किती आहेत? 2019 ला वरळीच्या डोममधे पेसर्स-किंग्ज ही एनबीएची मॅच बघायला गेलेलो, प्रीसीझन असून ओव्हरटाइम, 132-131. वरच्या सीटवरून बॉल सोडून बाकी चौघांकडे बघत बसलो, कुणी दोन सेकंद नुसता उभा दिसेल तर शपथ. तुमच्या गार्डला सोडा आणि तुमचा व्हिडिओ काढा. तो ड्रिबल करतो तेव्हा तुम्ही काय करता? आणि प्रॅक्टिसला अर्धा तास ड्रिबल बंद, फक्त पास आणि कट.

माटुंगा_लेफ्टी
शूटर दीड. एक मी आणि अर्धा जो फक्त डाव्या कॉर्नरमधून टाकतो.
व्हिडिओ काढला काल. बोलायला तोंड नाही, मी एका पझेशनला कमरेवर हात ठेवून उभा आहे, दुसरा बुटाची लेस बांधतोय. ड्रिबल बंदवाला खेळ पण केला, पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, नंतर तीन लेअप (बास्केटखालचे सोपे शॉट) एकदम फुकट मिळाले आणि त्यातले दोन पास त्याचेच. थ्रेड दाखवला त्याला. बाकी सगळं सोडून कायरीवाला पॅरा दोनदा वाचला आणि म्हणतो बघ, स्क्रीन लागते, तू लाव. लावली. समोरचा बँकवाला सरळ येऊन आदळला, खांद्याला बर्फ लावून टाइप करतोय.