टॅक्रोलिमसची लेव्हल दुप्पट, डोस मात्र तोच

कोयनाकाठ: मोठ्या भावाच्या किडनी प्रत्यारोपणाला १४ महिने झाले. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दीड मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, मायकोफिनोलेट सोडियम ७२० दोन वेळा, प्रेडनिसोलोन ५. रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल सहा-सातच्या आसपास असायची, या वेळी १४.८ आली. क्रिएटिनिन (वाढलं की किडनीचं काम बिघडल्याचं कळतं) १.२ वरून १.६. हातही थरथरतात. डोस बदललेला नाही, मग असं का? एक गोळी कमी करून बघावी का?

जांभळी_नळी: सॅम्पल कधी दिलं? रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, सकाळच्या गोळीच्या आधी रक्त द्यायचं. गोळी घेऊन दोन तासांनी लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेलाच येणार, आणि त्यावरून डोस उतरवला तर रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची, वाट मोकळी.

दुसरं, जुलाब झाले होते का? जुलाबात औषध वाहून जातं असं वाटतं, पण टॅक्रोलिमसचं उलटं आहे. आतड्याच्या अस्तरातच त्याचा बराच भाग निकामी होत असतो. ते अस्तर दुखावलं की जास्त औषध रक्तात उतरतं.

तिसरं, नवीन काही गोळी सुरू झाली का? थरथर आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलंय, म्हणजे आकडा बहुधा खरा आहे. मनाने काही कमी करू नका, आजच नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा.

कोयनाकाठ: सॅम्पल गोळीआधीच दिलं होतं. जुलाब नाहीत. जांघेत गजकर्ण झालं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल (बुरशीवरची गोळी) १०० दोन वेळा दिलंय, दोन आठवडे होत आले.

सह्यकडा: मग कारण तेच. टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम सीवायपी ३ए४, आणि इट्राकोनॅझोल नेमकं तेच दाबून धरतं. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांचंही तेच. (अँटिबायोटिक लागलंच तर ॲझिथ्रोमायसिनचा त्रास बराच कमी.) रिफॅम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामॅझेपिन उलट लेव्हल पाडतात. टीबीचे उपचार सुरू करताना रिफॅम्पिसिनमुळेच घोळ होतो, म्हणून तिथे बऱ्याचदा रिफाब्युटिन निवडतात.

गजकर्णाला बहुतेकदा नुसतं मलम पुरतं. पोटातून द्यायचंच तर टर्बिनाफिन या एन्झाइमला फारसं छेडत नाही, पण किडनीचं काम किती आहे ते पाहूनच. ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

जांभळी_नळी: खरा धोका पुढे आहे, आणि तोच सहसा निसटतो. आता डॉक्टर टॅक्रोलिमस उतरवतील. इट्राकोनॅझोल थांबलं की एन्झाइम लगेच नाही, आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत होतं. तेव्हा उतरवलेला डोस तसाच राहिला तर लेव्हल तीनवर येते, लघवी व्यवस्थित होत असते, दुखत काही नाही, आणि क्रिएटिनिन वाढल्यावरच रिजेक्शन कळतं. म्हणून बंद करण्याची तारीख फाइलवर लिहून ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे लेव्हल किती दिवसांनी करायची ते आधीच विचारून घ्या. डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणी करून उपयोग नाही, आकडा स्थिरावायला किमान दोन-तीन दिवस लागतात.

कोयनाकाठ: फोन झाला. इट्राकोनॅझोल बंद, टॅक्रोलिमस १ मिलिग्रॅम दोन वेळा, चौथ्या दिवशी लेव्हल. खाण्यात काही सांभाळायचं का? घरी गुळवेलीचा काढा होतो.

सह्यकडा: काढा भावाला अजिबात नको. आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतोय, आणि गुळवेल ती वाढवायलाच घेतात. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदवलेत. पपनसही टाळा, तेही ग्रेपफ्रूटसारखंच लेव्हल वाढवू शकतं. मोसंबी-संत्री चालतात. आणि मेडिकलवाल्याने टॅक्रोलिमसची कंपनी बदलून दिली तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. दिवसातून एकदा घ्यायची कॅप्सूल तर वेगळीच, ती दोन वेळच्या गोळीच्या जागी चालत नाही.