खड्ड्यात आदळून अलॉय वाकलं: सरळ करून घ्यावं की बदलावं?

वाशिष्ठी
मंडळी, सल्ला हवाय. गाडी हॅचबॅक, टायर १९५/५५ आर १६, कंपनीचेच अलॉय (मिश्रधातूच्या रिम). महामार्ग ६६ वर इंदापूरच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, पण रात्रभरात हवा ३३ वरून २६ वर येते आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. इथला टायरवाला पाचशे रुपयांत ठोकून देतो म्हणतोय. चिपळूणहून कोल्हापूरला जायची तयारी आहे. काय करू?

टॉर्कपाना
ठोकून मुळीच घेऊ नका. स्टीलची साधी रिम हातोडीने बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असतं. थंड असताना ठोकलं, तर वाकलेल्या जागीच केसासारखी चीर जाते आणि रंगाखाली ती दिसतही नाही.

बाहेरचा ओरखडा सोडा, चाक काढून आतून बघा. ब्रेककडची कड स्पोकपासून लांब असते, तिला आधार नसतो, म्हणून बहुतेक वेळा तीच वाकते. टायर रिमवर असतानाच हवा ३५ पर्यंत भरा आणि ब्रशने साबणाचं पाणी दोन्ही कडांना, व्हॉल्व्हला आणि रिमच्या आतल्या पोटाला लावा. मिनिटभर थांबा. टायर आणि रिमच्या सांध्यात बुडबुडे आले तर बाक. रिमच्या पोटातून बारीक फेस आला तर चीर. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

नुसता बाक असेल तर टायर उतरवून रिकामी रिम बॅलन्सिंग मशीनवर चढवायला सांगा. टायर बसतो त्या पट्टीला डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून आतून-बाहेरून, वर-खाली आणि आडवी किती आउट (वाकडी) आहे ते मोजा. १ मिमीच्या आत असेल तर बॅलन्सिंगवर भागतं. ३-४ मिमीपर्यंतचा गोलसर बाक चांगल्या प्रेसवर (रिम दाबून सरळ करायचं मशीन) निघतो. कड दुमडून टोकदार कोपरा झाला असेल तर नवीन रिम घ्या.

प्रेसवाल्याला एकच प्रश्न विचारा: तापमान कशाने मोजता? या रिमची ताकद कारखान्यातल्या हीट ट्रीटमेंटमधून येते. गॅसची ज्योत धरून रंग करपेपर्यंत तापवली की ती गेली. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते डोळ्याला कळत नाही. तापमापक गन नसेल तर दुसरं दुकान बघा.

सह्यकडा
चीर निघाली तर आर्गन वेल्डिंग करून घ्या. नव्या रिमपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

टॉर्कपाना
आतल्या कडेला छोटी चीर असेल तर होतं, पण वेल्डशेजारचा धातू मऊ पडतो. असं चाक स्टेपनीतच ठेवावं, पुढच्या चाकाच्या जागी कधीच लावू नये. चीर स्पोकला किंवा नटच्या भोकापाशी असेल तर रिम भंगारात. आणि कुणी 'ट्यूब टाकून देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ट्यूबने हवा थांबते, चीर मात्र वाढत राहते.

घाटवळण
रिमपेक्षा मला टायरची काळजी वाटते. टायर उतरवलाच आहे तर आतून साइडवॉलवर बोटं फिरवा. रिमच्या कडेत चिमटून आतल्या दोऱ्या तुटल्या की तिथे फुगा येतो, कधीकधी काही दिवसांनी. फुग्याला पॅच नाही, टायर बदलायचाच. नवीन घेताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

गाडी जॅकवर असताना चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खडखडलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) गेलाय. बारा आणि सहाला धरून हललं तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) किंवा बेअरिंग. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि प्रिंट मागून घ्या. टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) जुळवता येतो. कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय ते) मात्र बहुतेक हॅचबॅकमध्ये जुळवता येत नाही. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा शॉकर वाकलाय, नुसता टो जुळवून टायर एका बाजूने झिजत राहील.

वाशिष्ठी
आभार. इन्शुरन्समध्ये बसतं का? आणि कोल्हापूरपर्यंत स्टेपनीवर जाऊ का?

सावकाश
रिम ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) बसते. टायर एकटा फुटला तर नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. १५०० सीसीपर्यंत १००० रुपये तुमच्याच खिशातून जातात, वर नो क्लेम बोनस जातो. एका रिमसाठी क्लेम बहुधा परवडत नाही. लोअर आर्म, शॉकरही गेले असतील तर हिशोब करा. क्लेम करायचा तर कंपनीला आधी कळवा, सर्व्हेअरने बघेपर्यंत काही उघडू नका.

टॉर्कपाना
स्टेपनीवर जा, पण आधी तिची हवा तपासा. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर वेगाचा स्टिकर असतो, बहुधा ८०, तो पाळा. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे निवांत जा. परत बसवताना नट समोरासमोरचे घट्ट करून घ्या. एअर गनने फक्त टेकवायचे, शेवटचा पीळ टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हॅचबॅकला तो साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. कराडला चहाला थांबाल तेव्हा एकदा पाना लावून बघा.