पाळक किंवा सेवक आपली मंडळी (चर्च) सोडतात तेव्हा खरं कारण लोकांना सांगावं का?

नगरची वाचक
सर्वांना सलाम. बऱ्याच मंडळ्यांत एकच प्रकार बघते आहे. उपासना संपता संपता सेक्रेटरी उभे राहतात, "आपले सुवार्तिक (प्रचारक) प्रभूच्या दुसऱ्या कामासाठी जात आहेत, प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढं वाचतात आणि आशीर्वाद होतो. पुढच्या रविवारी तो माणूस दिसत नाही. त्याच्या घरच्यांना कोणी भेटायला जात नाही, कारण जावं की नाही हेच कळत नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलतो: पैसे खाल्ले असतील, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांशी बिनसलं असेल.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. पौल आणि बर्णबा यांचं मार्क या सोबत्यावरून फाटलं. तो पंफुल्यात त्यांना सोडून गेला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने हे सगळं लिहून ठेवलं. वाद तीव्र झाला, दोघे वेगळे झाले, एक कुप्रला गेला, दुसरा सीलासला घेऊन सूरियाकडे. चूक कोणाची ते मात्र लूक सांगत नाही. मला एवढंच हवं आहे. कारण दोन-तीन वाक्यांत सांगा, निवाडा करू नका, आणि तो मजकूर जाणाऱ्या माणसाला आधी दाखवून तो समोर बसलेला असताना वाचा. जिथे कारण मतभेदाचं आहे तिथे "प्रभूची इच्छा" पुढे करणं मला प्रभूचं नाव व्यर्थ घेण्यासारखं वाटतं.

जुना पंच
ताई, तुमची कळकळ समजते, पण मी याच्या पूर्ण विरोधात आहे. पंचकमिटीत बसल्यावर माणसाच्या घरातलं फार काही कानावर येतं. पाळकीणबाईंचं आजारपण, मुलाने केलेलं कर्ज, नवराबायकोतला ताण. दोन वाक्यं वाचली की लोक तिसरं विचारणारच, आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर व्हॉट्सअॅपवर फिरतं. आपला समाज लहान. त्याच घरात लग्नाची मुलगी असते. मंडळीच्या वडिलांविरुद्ध, म्हणजे पुढाऱ्यांविरुद्ध, आरोप दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय ऐकूही नका असं १ तीमथ्य ५ मध्ये आहे, ते उगाच नाही.

दुसरं. आमच्याकडे एक सेवक गेले, आम्ही मोठा निरोप समारंभ केला, सगळं मोकळेपणाने बोललो. थोड्याच दिवसांत त्यांनी शेजारच्या गल्लीत घरसभा सुरू केली आणि आमची चांगली रुजलेली कुटुंबं तिकडे गेली. मंडळी फुटल्याचं दुःख काय असतं ते ज्यानं बघितलं त्याला विचारा. जाणाऱ्याने शांतपणे जावं, आम्हीही शांत राहावं. यात कोणाची फसवणूक नाही.

नगरची वाचक
आजारपण जाहीर करा असं मी म्हणतच नाही. "घरगुती कारणाने जात आहेत" हेही खरंच कारण आहे, तेवढं पुरे. पण पंचांशी कामावरून मतभेद झाले असतील तर "दुसऱ्या कामासाठी" म्हणू नका. दुसरं काम अजून मिळालेलंच नसतं त्याला.

वसतिगृहातली
मला दोघांच्याही मधली एक गोष्ट सांगायची आहे, जरा स्पष्ट. मी मिशनच्या वसतिगृहांत काम केलं आहे. मुलींनी एका माणसाच्या वागण्याबद्दल तक्रार केली. त्याचा राजीनामा घेतला, "मंडळीची बदनामी नको" म्हणून गप्प बसले, वर शिफारसपत्रही दिलं. "विश्वासू, प्रार्थनाशील, मुलांमध्ये रमणारा." ते पत्र घेऊन तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात लागला. जुना पंच, आपल्या शांततेची किंमत तिथल्या मुलींनी दिली.

इथे "सांगावं का" हा प्रश्नच उरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच आहे, आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. पाळक, पंच, मेट्रन, कोणालाही सूट नाही. मोठ्या बाईची तक्रार असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेची अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. किती संस्थांनी कर्मचाऱ्यांना हे सांगितलं आहे? राजीनामा म्हणजे चौकशी नव्हे. आणि शिफारसपत्रात खोटं लिहिणारा हात प्रभुभोजनाची भाकर मोडतो, हे मला सहन होत नाही.

जुना पंच
लेकरांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे पोलीस आणि सत्य, दुसरं काही नाही. माझं बोलणं बाकीच्या, रोजच्या जाण्यायेण्याबद्दल होतं, आणि त्यावर मी ठाम आहे.

हिशेबनीस
कारणावर एवढा वाद, पण पैशाचं कोणी काढलं नाही. ग्रॅच्युइटीचा नियम १९७२ पासून आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल आणि नोकरी १४ वर्षं, तर ९६,९२३ रुपये होतात, तीस दिवसांत द्यायचे. अभिषिक्त पाळक "कर्मचारी" ठरतो का यावर वकील भांडतील. पण मिशनच्या दवाखान्यातला ड्रायव्हर, ऑफिसातला कारकून यांना ही रक्कम न देता शाल-नारळ आणि बायबल देऊन पाठवणं म्हणजे मजुरी अडवणं. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी ओरडते.

खेड्यातला पाळकपुत्र
हिशेबनीस साहेब, आमच्या मंडळीत एकच पगारी माणूस होता, माझे वडील. पगार अर्पणातून, दुष्काळाच्या साली तोही अर्धा. तुमचा दहा माणसांचा कायदा आमच्यापर्यंत पोचत नाही. बदलीचं पत्र आलं तेव्हा माझी दहावी चालू होती आणि नवे पाळक येणार म्हणून घर महिन्यात रिकामं करायला सांगितलं. आम्हाला कारण नको होतं, मार्चपर्यंत छप्पर हवं होतं.

बायबलमधल्या अनुवाद पुस्तकातलं १५:१३-१४ मला म्हणूनच पाठ आहे. गुलामाला सातव्या वर्षी सोडाल तेव्हा रिकाम्या हाती पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं सढळ हाताने द्या. पैसा नसलेल्या मंडळीकडेही खळं असतंच. आम्हाला एका म्हाताऱ्या बाईंनी ज्वारीचं पोतं दिलं. कमिटीने ट्रकचं भाडंसुद्धा दिलं नाही.

नगरची वाचक
हे वाचून माझ्या मागण्यांत घर सगळ्यांत वर गेलं. देणी आधी, किल्ली नंतर.

जुना पंच, घरसभेच्या भीतीवर एक आठवण करून देते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" उभा केला. का सोडतो आहोत हे त्यांनी झाकलं नाही. त्यांची भजनं त्यानंतरही मिशनच्या देवळांत गायली गेली, आजही जातात.

जुना पंच
टिळक पगार सोडून गेले, मंडळीतली घरं घेऊन नाही. हा फरक मोठा आहे. शाळेचं वर्ष संपेपर्यंत घर देण्याचा ठराव आणि भाड्याची तरतूद मी पुढच्या मीटिंगला मांडतो. देवळात कारण वाचून दाखवायला मात्र माझा विरोध राहील.

नगरची वाचक
मग ठरावात एवढं तरी घाला, की कारण वाचायचं नसेल तर खोटं कारणही वाचायचं नाही. "ते जात आहेत" यावर थांबा.

जुना पंच
हे घालता येईल.